एओर्टिक झडप अरुंद होत जाते तेव्हा वयस्क रुग्णाची पुढची वाटचाल कशी असते?

अनघा (त्रिमूर्तीनगर)
नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गेल्या वर्षी डॉक्टरांना मर्मर (ठोक्यांसोबतचा वेगळा आवाज) ऐकू आली, म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि हृदयातून शरीराकडे रक्त जाते ती एओर्टिक झडप अरुंद झाल्याचे कळले. त्या वेळी झडपेचे क्षेत्रफळ १.२ चौरस सेंटिमीटर, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक) ३१ आणि रक्ताचा वेग सेकंदाला ३.५ मीटर होता. या महिन्याच्या अहवालात हेच आकडे १.१, ३६ आणि ३.८ असे आले आहेत. पंपिंग मात्र ६० टक्के, म्हणजे उत्तम आहे. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात की आत्ता काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा इको करू. बाबा म्हणतात, मला काहीच त्रास नाही. आईचे म्हणणे असे की त्रासच नाही तर दर वेळी पैसे कशाला घालवायचे?

मला औषधांची नावे नकोत. ज्यांनी घरात हा आजार वर्षानुवर्षे पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे की तो पुढे कसा वाढत जातो आणि वाट पाहण्याचा काळ संपला हे नेमके कशावरून ओळखायचे.

विनायक_पाटबंधारे
अनघाताई, मी डॉक्टर नाही. नोकरी पाटबंधारे विभागात झाली. परंतु पत्नीच्या इको अहवालांची फाइल मीच ठेवत असल्यामुळे आकड्यांपुरते लिहितो. निरोगी एओर्टिक झडप पूर्ण उघडली की तिचे क्षेत्रफळ ३ ते ४ चौरस सेंटिमीटर भरते. ते दीडच्या खाली आले की आजार मध्यम मानतात आणि एकच्या खाली आले की तीव्र. वेग ४ मीटर किंवा सरासरी ग्रेडियंट ४० झाला तरी तीव्रच म्हणतात. म्हणजे आपले वडील मध्यम गटाच्या वरच्या टोकाला आहेत.

अहवालात आणखी एक 'पीक ग्रेडियंट' लिहिलेला असतो आणि तो पाहून घरचे घाबरतात. इकोचे यंत्र दाब थेट मोजत नाही. ते वेग मोजते, त्याचा वर्ग करते आणि चाराने गुणते. ३.८ चा वर्ग १४.४४, त्याला चाराने गुणले की जवळपास ५८. धरणाचे दार जितके कमी उघडाल तितक्या जोराने पाणी बाहेर पडते, तोच हा हिशेब. बर्नोलीचे सूत्र आम्ही कालव्यावर वापरले आणि हे लोक हृदयावर वापरतात. मेख अशी की वेगाचा वर्ग होत असल्यामुळे मोजणीतला लहानसा फरकही पुढे मोठा होऊन दिसतो. ३.८ च्या जागी ४.० आले की ५८ चे ६४ होतात. म्हणून इको शक्यतो एकाच ठिकाणी आणि त्याच डॉक्टरांकडून करून घ्यावा, आणि दोन अहवालांत थोडा फरक दिसला म्हणून रात्र जागून काढू नये.

मिलिंद_महाल
काका, आपली फाइल पाहून हृदयरोगतज्ज्ञांनाच तोंडी परीक्षेला बसल्यासारखे वाटत असेल.

निवृत्त_फिजिशियन
विनायकरावांनी आकडे अगदी बरोबर मांडले आहेत. आजाराच्या चालीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

उतारवयात ही झडप केवळ झिजत नाही. तिच्या पाकळ्यांत आधी चरबी साचते, दाह होतो, मग तेथील पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियमचे खडे जमा होतात. पासष्टीच्या पुढे साधारण चौघांपैकी एकाच्या झडपेवर असा जाडसरपणा इकोत दिसतो. मात्र त्यांतील बहुतेकांची झडप पुढे अडथळा होण्याइतकी अरुंद होत नाही, त्यामुळे 'झडप थोडी जाड आहे' एवढ्या एका ओळीवर कोणी झोप उडवून घेऊ नये. काहींना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. त्यांच्यात हाच आजार दहा-वीस वर्षे आधी दिसतो.

एकदा झडप मध्यम प्रमाणात अरुंद झाली की ती मागे फिरत नाही. सरासरीने बोलायचे तर वर्षाला वेग ०.३ मीटरने, सरासरी ग्रेडियंट ७ ते ८ ने वाढतो आणि क्षेत्रफळ ०.१ ने घटते. अनघाताईंच्या वडिलांचे आकडे याच चालीने चालले आहेत. पण सरासरी ही सरासरीच असते. ज्यांच्या झडपेवर कॅल्शियम फार आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांच्यात आजार बराच भरभर पुढे सरकतो, तर काहींचे आकडे चार-चार वर्षे जवळजवळ तेच राहतात. सौम्य आजारात तीन ते पाच वर्षांनी, मध्यम आजारात वर्ष-दोन वर्षांनी आणि तीव्र आजारात सहा महिने ते वर्षभराने इको करण्याची पद्धत यातूनच आली आहे. आपले वडील सीमेवर असल्यामुळे त्यांना सहा महिने सांगितले, हे योग्यच झाले.

आता पंपिंगविषयी. अरुंद झडपेतून रक्त ढकलण्यासाठी डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते आणि त्या जोरावर पंपिंगचा आकडा अनेक वर्षे ६० टक्के राहतो. परंतु जाड भिंत ताठरही होते. मग कप्पा नीट सैल पडत नाही, मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि माणसाला पंपिंग उत्तम असतानाही धाप लागते. म्हणून ६० टक्के या आकड्यावर निर्धास्त राहू नये. हा आकडा घसरतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

आणि लक्षणे. श्रमाने धाप लागणे, छातीत जड वाटणे, चालता-चालता भोवळ येणे. झडप तीव्र अरुंद असताना ही लक्षणे सुरू झाली आणि झडप बदलली नाही, तर आयुष्य वर्षांच्या हिशेबात मोजावे लागते. १९६८ मध्ये रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी मांडलेला हिशेब आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता: छातीत दुखू लागल्यावर सुमारे पाच वर्षे, भोवळ आल्यावर तीन आणि हृदय निकामी होऊ लागल्यावर दोन. आकडे जुने आहेत, पण क्रम आजही तोच आहे.

वैशाली_सक्करदरा
डॉक्टरसाहेबांनी लक्षणांचे लिहिले ते खरे आहे, पण घरात ती लक्षणे 'लक्षणे' म्हणून कधीच येत नाहीत. माझ्या सासऱ्यांना विचारले की ते म्हणत, मी ठणठणीत आहे. त्यांचे खोटे नव्हते. ते दरवर्षी रामटेकच्या गडावर पायऱ्यांनी चढून जात. एका वर्षी म्हणाले, यंदा गाडीने वरपर्यंत जाऊ, ऊन फार आहे. पुढच्या वर्षी म्हणाले, मी खालीच थांबतो, तुम्ही दर्शन घेऊन या. घरी पहिल्या मजल्यावरची खोली सोडून खाली झोपू लागले, कारण वर गरम होते. भाजीला बुधवार बाजारात जायचे ते कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून घेऊ लागले, कारण तिथली भाजी ताजी असते. प्रत्येक गोष्टीला पटण्यासारखे कारण होते आणि आम्ही सगळे 'वय झाले आता' म्हणून मान डोलावत राहिलो. जो माणूस चढतच नाही त्याला चढताना धाप कुठून लागणार?

शेवटी एका नव्या डॉक्टरीण बाईंनी त्रास होतो का असे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, असे काय-काय आहे?" सासूबाईंनी दहा गोष्टी सांगितल्या आणि सासरे त्यांच्याकडे रागाने पाहत राहिले. अनघाताई, तुमच्या वडिलांना विचारू नका. आईंना विचारा.

प्रशांत_वर्धा
वैशालीताईंचा प्रतिसाद छापून प्रत्येक हृदयरोग बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावावा.

सुनंदा_प्रतापनगर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. झडपेत कॅल्शियम साचते, तर मग दूध, नाचणी बंद करावी का? माझ्या मोठ्या जाऊबाईंनी दूध पूर्ण सोडले आहे. आणि अर्जुनसालीच्या काढ्याने झडप मोकळी होते, असे आमच्या शेजारी सांगतात.

निवृत्त_फिजिशियन
सुनंदाताई, झडपेवरचे कॅल्शियम ताटातून येत नाही. ते पाकळ्यांतल्या बिघाडामुळे तिथे साचते. दूध सोडल्याने झडप वाचणार नाही, हाडे मात्र आणखी ठिसूळ होतील. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

अर्जुनसालीने अरुंद झालेली झडप उघडते, असे दाखवणारा कोणताही भरवशाचा अभ्यास नाही. हे मी आयुर्वेदाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही, कारण आमच्या औषधांनाही ते जमलेले नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी झडपेचा आजार मंदावेल, अशी मोठी आशा होती. २००५ चा सॉल्टायर, २००८ चा सीस आणि २०१० चा ॲस्ट्रोनॉमर या तिन्ही अभ्यासांत ती फोल ठरली. स्टॅटिन इतर कारणांसाठी लागते आणि ती चालू ठेवावी, पण झडपेची वाटचाल थांबवणारी गोळी आजही कोणाकडे नाही. उपाय एकच, झडप बदलणे, आणि प्रश्न उरतो तो केव्हा आणि कोणत्या पद्धतीने एवढाच.

मिलिंद_महाल
म्हणजे तर्री पोहे सोडण्याचीही गरज नाही, असा अर्थ मी काढतो आहे.

निवृत्त_फिजिशियन
झडपेसाठी नाही. बाकी रक्तवाहिन्यांसाठी काय सांगणार हे आपणास ठाऊक आहे, मिलिंदराव.

गोपाल_भंडारा
थोडे विषयांतर होईल, पण झडपेचा आजार म्हणजे केवळ म्हातारपणाचा नव्हे, हेही इथे यायला हवे. माझ्या आत्याला लहानपणी सांधे सुजून ताप येत असे. धानाच्या शेतातले घर, आठ भावंडे, कोण लक्ष देणार? त्या तापाने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब झाली आणि तिसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात तिला फुप्फुसात पाणी होऊन धाप लागली तेव्हा ते कळले. पुढे पायाच्या शिरेतून फुग्याने झडप उघडली आणि ती अनेक वर्षे चांगली राहिली. आता ती ६८ वर्षांची आहे, झडप पुन्हा अरुंद झाली आहे, हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत आणि गुठळी होऊन अर्धांगवायू होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे याचा आकडा) तपासावा लागतो. या तपासणीचा कंटाळा येऊन आम्ही अशी तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळीबद्दल विचारले, पण डॉक्टरांनी ठाम नकार दिला.

निवृत्त_फिजिशियन
गोपालराव, तो नकार योग्य आहे. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली आणि ठोके अनियमित असलेले जे रुग्ण असतात, त्यांच्यात नव्या गोळीपेक्षा जुनीच गोळी सरस ठरली, असे २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात दिसले. पालेभाजी बंद करू नका. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवा म्हणजे आयएनआर फार हेलकावे घेत नाही. या धाग्यावरच्या इतरांसाठी एवढेच की आत्यांचा आजार आणि अनघाताईंच्या वडिलांचा आजार वेगळा आहे, आणि फुग्याने उघडण्याचा उपाय जसा मायट्रलला टिकाऊ ठरतो तसा वयस्कांच्या कॅल्शियम साचलेल्या एओर्टिक झडपेला ठरत नाही. ती काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते.

शरद_लक्ष्मीनगर
मी थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या आईची झडप तीव्र अरुंद असल्याचे ती ८६ वर्षांची असताना कळले. स्मरणशक्ती बरीच गेलेली, कंबरेचे हाड एकदा मोडलेले, दिवसाचा बहुतेक वेळ पलंगावर. आम्हाला पायातून झडप बसवण्याचा, म्हणजे टावीचा सल्ला मिळाला. आम्ही तिघा भावंडांनी बसून नको असे ठरवले. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर, मीठ कमी करून, घरच्या माणसांत तिने पुढचा काळ काढला आणि ती घरीच गेली. नातेवाइकांनी आम्हाला पैशांसाठी मागे हटल्याचे बोल लावले. 'एकच उपाय' हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असेल, पण ते प्रत्येक घराला लागू करू नये.

प्रशांत_वर्धा
शरदराव, आपल्या निर्णयाचा आदर आहे. तरीही वय हे एकटे कारण होऊ नये असे मला वाटते. माझे काका ८३ व्या वर्षी टावी करून चौथ्या दिवशी घरी आले आणि आज सेवाग्रामच्या रस्त्याने सकाळी फिरतात. २०१० च्या पार्टनर अभ्यासात, ज्यांच्यावर छाती उघडून शस्त्रक्रिया करणे शक्यच नव्हते अशा रुग्णांपैकी केवळ औषधांवर राहिलेले निम्मे वर्षभरात गेले. टावी झालेल्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. फरक मोठा आहे.

शरद_लक्ष्मीनगर
फरक मोठा आहेच. पण तोच आकडा उलट बाजूने वाचा: टावी होऊनही जवळपास तिसरा हिस्सा वर्षभरात गेला. त्यांत माझ्या आईसारखे, झडपेखेरीज इतर कारणांनी थकलेले लोक असणारच. आपल्या काकांचे पाय चालत होते, माझ्या आईचे नव्हते. मी वयाबद्दल बोलत नसून झडप बदलल्यावर माणसाला काय परत मिळणार आहे, याबद्दल बोलत आहे.

निवृत्त_फिजिशियन
दोघांचेही बरोबर आहे आणि गंमत म्हणजे दोघेही एकाच अभ्यासातून बोलत आहेत. टावीची सुरुवात २००२ मध्ये फ्रान्समधील रूआं येथे डॉ. आलाँ क्रिबिए यांनी केली, तीही शस्त्रक्रियेला कोणी हात लावेना अशा रुग्णावर. २०१९ पर्यंत ती कमी धोक्याच्या रुग्णांतही शस्त्रक्रियेच्या तोडीची असल्याचे दिसले. आज साधारणपणे पासष्टीच्या आत शस्त्रक्रिया, ऐंशीच्या पुढे टावी आणि मधल्या वयात झडपेची रचना, पायाच्या रक्तवाहिन्या, इतर आजार आणि रुग्णाची इच्छा पाहून निर्णय घेतात. टावीनंतर काहींना पेसमेकर लागतो, हे आधीच विचारून ठेवावे.

रोहिणी_मनीषनगर
एक वेगळा अनुभव नोंदवते, कारण तो कुठे वाचायला मिळत नाही. माझ्या आजीचे हिमोग्लोबिन सारखे घसरत असे. लोहाच्या गोळ्या, रक्त चढवणे, दोन्हीकडून दुर्बिणीने तपासणी, सगळे झाले. शेवटी कळले की झडप तीव्र अरुंद असल्यामुळे रक्त गोठवणारा एक घटक तिथून जाताना तुटतो आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव होत राहतो. १९५८ मध्ये हाइड नावाच्या डॉक्टरांनी हा संबंध प्रथम नोंदवला होता. झडप बदलल्यावर आजीला पुन्हा रक्त चढवावे लागले नाही. घरातल्या वयस्करांना मर्मरही असेल आणि रक्तही कमी होत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात.

सुनंदा_प्रतापनगर
खर्चाबद्दल कोणी लिहील का? पाहुण्यांनी आकडा ऐकून विषयच बंद केला.

विनायक_पाटबंधारे
आम्हाला टावीसाठी पंधरा लाखांच्या वरचे अंदाज मिळाले. त्यात मुख्य भाग झडपेचाच असतो. आता गुजरातेत वापी येथे बनणारी मायव्हाल ही भारतीय झडपही उपलब्ध आहे, तेव्हा कोणत्या झडपेचा किती अंदाज, हे वेगवेगळे लिहून मागावे. छाती उघडून झडप बदलणे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. २०२४ च्या अखेरीपासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान कार्ड मिळते. टावीला यांतून किती आधार मिळेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडून दाखल होण्यापूर्वी लेखी घ्यावे. कार्ड आजारपण यायच्या आधी काढून ठेवावे, कारण अतिदक्षता विभागाबाहेर बसून अंगठ्याचा ठसा जुळवणे फार कठीण जाते.

वैशाली_सक्करदरा
एप्रिल संपत आला आहे म्हणून आणखी एक. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात या रुग्णांकडे विशेष लक्ष द्यावे. सासऱ्यांना पहिली भोवळ मे महिन्यात, कूलरमध्ये पाणी भरून उभे राहताना आली. लघवीची गोळी सुरू होती, घाम भरपूर आणि पाणी पिणे कमी.

निवृत्त_फिजिशियन
महत्त्वाचा मुद्दा. अरुंद झडपेचे हृदय पुरेशा भरलेल्या रक्तावर अवलंबून असते. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तदाब एकदम कोसळू शकतो. उन्हाळ्यात लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे, आपल्या मनाने बंद करू नये. आणि छातीत दुखते म्हणून शेजाऱ्यांची जिभेखालची गोळी या रुग्णांना देऊ नये.

अनघा (त्रिमूर्तीनगर)
सर्वांचे मनापासून आभार. वैशालीताईंनी सांगितल्याप्रमाणे मी आईला विचारले. आईने सांगितले की बाबा दिवाळीपासून अंबाझरीला फिरायला जात नाहीत, कारण त्यांचे मित्र येईनासे झाले. त्या मित्रांच्या घरी फोन केला, तर ते रोज जात आहेत. आणि आंघोळीनंतर बाबा दहा मिनिटे पलंगावर बसून राहतात, हे मी रोज पाहते, पण त्याकडे मी कधी त्या नजरेने पाहिले नव्हते. आता सहा महिने थांबावे का?

निवृत्त_फिजिशियन
थांबू नये. याच आठवड्यात तज्ज्ञांना हे दोन्ही सांगावे, याच शब्दांत. आकडे सीमेवर असताना लक्षणांची शंका आली, तर झडप खरोखर किती अरुंद आहे हे निश्चित करण्यासाठी सीटी स्कॅनमध्ये झडपेवरचे कॅल्शियम मोजतात. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० च्या पुढचा आकडा तीव्र आजाराकडे बोट दाखवतो. हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ताची तपासणीही उपयोगी पडते. त्रास नाहीच असे बाबा ठामपणे म्हणत असतील, तर तज्ज्ञ स्वतः समोर उभे राहून त्यांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून पाहू शकतात. स्पष्ट लक्षणे असतील तर मात्र ती चाचणी करू नये.

वाट पाहण्याबद्दल सांगायचे तर, २०२४ मध्ये अर्ली टावर नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र आजार असूनही लक्षणे नसलेल्या, पासष्टीच्या पुढील रुग्णांत काहींना लगेच टावी केली आणि काहींना देखरेखीखाली ठेवले. देखरेखीतल्या ८७ टक्के रुग्णांना पुढील काही वर्षांतच झडप बदलावी लागली, आणि लगेच बदललेल्या गटात अचानक रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली. मृत्यूच्या प्रमाणात मोठा फरक दिसला नाही, म्हणून घाबरून धावपळ करण्याचे कारण नाही. आपल्या हातात नीट तपासून ठरवण्याइतका वेळ आहे.

अनघा (त्रिमूर्तीनगर)
गुरुवारची वेळ मिळाली आहे. आईही सोबत येणार आहे; बाबांनी 'तिला कशाला?' असे विचारले आहे. एक शेवटची शंका: बाबांच्या दोन दाढा किडलेल्या आहेत आणि पुढच्या महिन्यात त्या काढायच्या ठरल्या आहेत. ते पुढे ढकलावे का?

रोहिणी_मनीषनगर
ढकलू नका, उलट तज्ज्ञांना विचारून आधी उरकून घ्या. आजीच्या वेळी झडप बसवण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांचे पत्र मागितले होते, कारण किडलेल्या दातांतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. दंतवैद्यांना मात्र झडपेचा इको अहवाल दाखवूनच दाढ काढायला बसवा. झडप बसल्यानंतर दातांचे असे कोणतेही काम करण्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते. तसे लिहिलेले कार्ड आजीला घरी सोडताना दिले होते, ते बाबांसाठीही मागून घ्या.